‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

डिस्क ड्राइव्हमध्ये घातली म्हणजे संगणक तिच्यावरून सुरू होईलच असे नाही. मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस ठरलेल्या क्रमाने एकेक साधन तपासतो आणि जिथे बूट होण्याजोगे काही सापडेल तिथे थांबतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत तो पहिल्या सेक्टरचे ५१२ बाइट वाचतो. सीडी-डीव्हीडीचे गणित वेगळे आहे. त्यांचे सेक्टर २,०४८ बाइटचे असतात आणि शून्यापासून मोजल्यास १७ व्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एक विशिष्ट नोंद असावी लागते. फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवलेल्या या पद्धतीला ‘एल टोरिटो’ म्हणतात. ही नोंद नसेल तर डिस्कवर हव्या त्या फाइल असूनही बायोसच्या लेखी ती कोरी असते. तो पुढच्या साधनाकडे वळतो, आणि डिस्क चुकीची आहे असे बहुतेक संगणकांच्या पडद्यावर कुठेही उमटत नाही. त्यामुळे दोष ड्राइव्हवर, केबलवर, शेवटी बोर्डावर जातो.

जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या एका मराठी घरात, म्हणजे या लेखकाच्या घरात, नेमके हेच झाले. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला बंद झाली. घरचा संगणक २०१० चा, मेमरी दोन जीबी. नवे विंडोज त्याला झेपले नसते, म्हणून लिनक्स मिंट १९.३ घालायचे ठरले. ते फुकट आणि कायदेशीर आहे, पण फाइल जवळपास दोन जीबीची आणि घरी इंटरनेट फक्त फोनवरचे. शहरातल्या एका दुकानाने ती उतरवून डीव्हीडीवर लिहून दिली. घरी एफ १२ दाबून डीव्हीडी निवडली, काळ्या पडद्यावर पांढरी रेघ चार-पाच सेकंद लुकलुकली आणि नेहमीचे विंडोज ७ सुरू झाले. पाच वेळा तेच.

संगणक दुकानात गेला आणि आठ दिवस तिथे राहिला. नवव्या दिवशी निकाल मिळाला : “बड्डे, बोर्ड तो गओ. कंट्रोलर उड़ गओ, अब डिस्क नईं उठाएगा.” जुन्या बाजारातला बोर्ड २,८०० रुपयांना बसवून देण्याची तयारी होती. तपासणीचे ३०० रुपये तेव्हाच घेतले, पावती दिली नाही. कोणती तपासणी केली, दुसरी एखादी डिस्क घालून पाहिली का, असे विचारल्यावर त्या माणसाने मान वरही न करता पुढच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडला. या संगणकात वडिलांनी दोन हिवाळे खपून टाइप केलेली कुळाची वंशावळ होती. ती नीट आहे का, हेही त्याला सांगता आले नाही.

खरी गोष्ट त्या रात्री घरीच कळली. विंडोज ७ सुरू करून, ती डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तशीच ठेवून ‘कॉम्प्युटर’ उघडले. कंट्रोलर उडालेल्या बोर्डाला ड्राइव्ह दिसायलाच नको होता. तो दिसत होता, आणि त्यावर टिचकी मारल्यावर खिडकी उघडली. पांढऱ्याशुभ्र खिडकीत डाव्या कोपऱ्यात एकच चिन्ह. एकच फाइल, नावाच्या शेवटी आयएसओ. दुसरे काहीही नाही. नीट लिहिलेल्या मिंटच्या डिस्कवर बूट, कॅस्पर, आयसोलिनक्स, ईएफआय, पूल असे फोल्डर दिसतात. आयएसओ ही संपूर्ण डिस्कची प्रतिमा असते, १७ व्या सेक्टरमधल्या नोंदीसकट. ती उलगडून डिस्कभर लिहायची असते. दुकानाने तो गठ्ठा न सोडताच, एखादे गाणे ठेवावे तसा, डिस्कवर ठेवला होता. आठ दिवसांत कोणी ही खिडकी एकदासुद्धा उघडून पाहिली नव्हती. बघायला दहा सेकंद पुरतात.

पुढचे काम त्याच संगणकाने केले. ती फाइल हार्ड डिस्कवर उतरवली, कोरी डीव्हीडी घातली, फाइलवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडले. ही सोय विंडोज ७ मध्ये मुळातच आहे, वेगळा प्रोग्राम लागत नाही. लिहून झाल्यावर पडताळणी करण्याचा चौकोन तिथेच असतो. त्यावर खूण केली. गेलेल्या बोर्डाने डिस्क वाचली, लिहिली, पडताळली आणि पहिल्या प्रयत्नात तिच्यावरून मिंट सुरू केले. दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क दुकानात शेजारी ठेवून दाखवल्यावर उत्तर आले, “एक ही बात है.” मग, लिहिणारा मुलगा नवा होता. ३०० रुपये परत मिळाले नाहीत. माफीचा एक शब्दही नाही.

म्हणून तपासणीचा क्रम डिस्कपासून सुरू करावा आणि बोर्डाशी संपवावा. दुसऱ्याने लिहून दिलेली डिस्क आधी चालू संगणकात उघडून पाहावी. एकच आयएसओ फाइल दिसली तर तिथेच थांबावे. फाइल उतरवताना तुटली असण्याची शंका असेल, तर वितरकाने दिलेला एसएचए-२५६ आकडा जुळवावा; विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तो काढता येतो. एक अक्षर जरी वेगळे आले तरी फाइल पुन्हा उतरवावी. डिस्क कमी वेगाने लिहिणे जुन्या ड्राइव्हना मानवते. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असले तरी विंडोजच्या मोजणीत ती ४.३८ भरते. अलीकडच्या विंडोजच्या प्रतिमा याहून मोठ्या असतात, त्यांना दोन थरांची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लागतो.

डिस्क ठीक असेल तर ड्राइव्ह. इथे बरेच लोक फसतात, कारण सीडी वाजते म्हणजे ड्राइव्ह उत्तम आहे असे ते धरून चालतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर वापरतात आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. एकाच ड्राइव्हमध्ये एक मंदावतो आणि दुसरा शाबूत राहतो, असे होते. गाण्यांची सीडी लावून काही सिद्ध होत नाही. दुकानातून विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी लावून पाहावी, कारण छापील डिस्क घरी लिहिलेल्या डिस्कपेक्षा सहज वाचली जाते. छापील चालते आणि लिहिलेली चालत नाही, तर भिंगावरची धूळ किंवा स्वस्त डिस्क यांचा संशय घ्यावा. लिहिलेली डिस्क उन्हात ठेवू नये. तिच्यावरचा रंगाचा थर उन्हाने खराब होतो आणि जबलपूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो.

त्यानंतर बूटचा क्रम. तो कायमचा बदलण्याची गरज नसते, एकवेळचा मेनू पुरतो. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांत एफ १२, एचपीत एफ ९, जुळवलेल्या संगणकात गिगाबाइटच्या बोर्डावर एफ १२, एसूसच्या बोर्डावर एफ ८, एमएसआयच्या बोर्डावर एफ ११. विंडोजची डिस्क असेल तर कोणतीही कळ दाबण्याची सूचना येते आणि सुमारे पाच सेकंदांत निघून जाते. कळ दाबूनही काही होत नसेल, तर यूएसबी कीबोर्ड त्या वेळी जागा झालेला नसतो. बायोसमध्ये यूएसबी लेगसी हा पर्याय चालू करावा किंवा गोल टोकाचा जुना कीबोर्ड लावावा.

निवडलेला क्रम दुसऱ्या दिवशी पुसला जात असेल आणि घड्याळही जुनी तारीख दाखवत असेल, तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. सीआर २०३२ हे त्याचे नाव : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब तीन व्होल्ट. रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या घरांत तो लवकर संपतो. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणकाची पिन काढूनच बदलावा.

नव्या संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय आले. विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ पासून, विकल्या गेलेल्या संगणकांत सिक्युअर बूट चालू असते आणि ते सही नसलेली डिस्क उचलत नाही. जुनी डिस्क वापरायची असेल तर सिक्युअर बूट बंद करून सीएसएम (जुन्या बायोससारखे चालण्याची सोय) चालू करावे लागते. अलीकडच्या अनेक बोर्डांत सीएसएम उरलेलेच नाही, तिथे जुनी डिस्क चालणार नाही. विंडोज चालू असलेल्या संगणकात ‘फास्ट स्टार्टअप’ असेल तर ‘शट डाउन’ ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून मेनूची कळ दाबावी. ६४ बिटची डिस्क ३२ बिटच्या प्रोसेसरवर चालत नाही. तिथे मात्र तसा संदेश येतो.

पेनड्राइव्हलाही डिस्कचाच नियम. आयएसओ त्यावर नुसती कॉपी करून काम होत नाही, रुफस किंवा बॅलेना एचर यांसारख्या प्रोग्रामने ती लिहावी लागते. एफएटी ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, हे विंडोजची प्रतिमा लिहिताना आडवे येते.

संगणक दुरुस्तीला द्यायचाच असेल तर हार्ड डिस्कवरचे कागद आणि फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत, आणि वेळ नसेल तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. डिस्कवरून बूट होते की नाही हे बघायला ती लागत नाही. काय तपासणार हे लिहून घ्यावे. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

बोर्डाचा नंबर सगळ्यात शेवटी. बायोसच्या यादीत ड्राइव्हचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर बोर्ड आणि ड्राइव्ह एकमेकांशी बोलत आहेत. दिसत नसेल तर साटा केबल बदलावी, मग दुसऱ्या पोर्टात लावावी, मग दुसरा ड्राइव्ह लावावा. आयडीई ड्राइव्ह असेल तर मास्टर-स्लेव्हचा जंपर तपासावा. तीन वेगवेगळ्या पोर्टांवर, चालू असल्याची खात्री असलेला ड्राइव्ह नव्या केबलने लावूनही यादीत येत नसेल, तर आणि तरच बोर्डाच्या कंट्रोलरचा विचार करावा. तेव्हाही हार्ड डिस्कवरून संगणक सुरू होत असेल, तर आधी बायोसमधली साटाची मांडणी कारखान्यातून आली तशी करून एकदा पाहावे. मांडणी बदलल्यावर जुने विंडोज सुरू होताना अडू शकते, म्हणून आधीचा पर्याय कोणता होता ते कागदावर टिपून ठेवावे.