चिठोऱ्यांचे मोल : बेसबॉलची जुनी कार्डे आणि स्वाक्षऱ्या

माणसाला कोणता छंद जडेल याचा नेम नसतो. आपल्याकडे काड्यापेटीवरची चित्रे जमवणारी मुले आपण पाहिली आहेत, पोस्टाच्या तिकिटांसाठी जीव टाकणारी वडीलधारी माणसेही पाहिली आहेत. अमेरिकेत याच जातीचा एक छंद शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. तो म्हणजे बेसबॉल खेळाडूंची लहान चित्रकार्डे आणि त्यांच्या स्वाक्षऱ्या जमवण्याचा. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. आपल्याला त्याचे नियम ठाऊक नसले तरी प्रस्तुत विषय समजण्यात काही अडचण येऊ नये. ऑगस्ट २०२२ मध्ये या छंदातले एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले. हे कार्ड मुळात च्युइंग गमच्या पाकिटातून निघालेले, पोरांनी चिकट बोटांनी हाताळावे म्हणून छापलेले. अशा कागदाच्या तुकड्याला हे मोल येते तरी कशाने, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ 'दुर्मिळता' या एका शब्दात संपत नाही.

या कार्डांचा जन्म क्रीडाप्रेमातून झालेला नाही, तो तंबाखूच्या धंद्यातून झाला आहे. १८८० नंतरच्या दशकात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत आणि आतल्या सिगारेटी मोडत. पाकीट ताठ राहावे म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षा त्यावर नटीचे, पक्ष्याचे, राजाचे किंवा खेळाडूचे चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हा विचार व्यापाऱ्याला सुचायला वेळ लागला नाही. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 'ओल्ड जज' सिगारेटबरोबर १८८६ ते १८९० या काळात बेसबॉलपटूंची शेकडो छायाचित्रे वाटली. पुढे १८९० मध्ये पाच मोठ्या तंबाखू कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली. स्पर्धा संपली, आणि स्पर्धेबरोबर गिऱ्हाइकाला खूष करण्याची गरजही संपली. कार्डे जवळजवळ बंद पडली. मौज अशी की ती पुन्हा सुरू केली याच मक्तेदार कंपनीने, १९०९ मध्ये. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडून काढण्याचा निकाल दिला. त्या दोन-तीन वर्षांत जी कार्डे निघाली, त्यांतलाच एक संच आज 'टी-२०६' या नावाने ओळखला जातो. दीड इंचाहून थोडे कमी रुंद आणि अडीच इंचाहून थोडे जास्त उंच असे हे कार्ड. संचात पाचशेहून अधिक चित्रे.

या संचातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड होनस वॅग्नर याचे. पिट्सबर्ग संघाचा हा खेळाडू जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात जे पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत तो होता. त्याचे कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लवकरच ते मागे घेतले गेले. आज त्याच्या साठेक प्रतीच ज्ञात आहेत. कार्ड का मागे घेतले यावर वाद आहे. १९१२ मध्ये एका क्रीडासाप्ताहिकाने छापलेली हकीकत अशी: वॅग्नरची संमती मिळवून दिल्यास एका वार्ताहराला दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नरने नकार कळवला आणि वार्ताहराचे नुकसान होऊ नये म्हणून स्वतःचा दहा डॉलरांचा चेक सोबत पाठवला. मुलांनी आपल्या चित्रापायी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होते, असे त्याचे चाहते सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो की वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, पूर्वी एका सिगारवर त्याचे चित्रही झळकले होते, तेव्हा प्रश्न तत्त्वाचा नसून मोबदल्याचा असावा. मला स्वतःला पहिला पक्ष अधिक पटतो. पैशांवर अडून बसलेला माणूस दुसऱ्याचे दहा डॉलर पदरचे भरून देत नाही. शिवाय स्वतः तंबाखू चघळणाऱ्याला ती पोरांच्या हाती नको वाटणे यात विसंगती काहीच नाही. असे बापलोक आपल्याही घरोघरी आहेत.

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या कार्डाकडे वळू. टॉप्स या गम कंपनीतला सी बर्गर नावाचा तरुण नोकर ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर १९५२ च्या संचाची आखणी करत होता. पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, नाव, संघाची खूण. मागे त्याची कामगिरी आकड्यांत. संच ४०७ कार्डांचा. शेवटची खेप, म्हणजे ३११ क्रमांकापासून पुढची, बाजारात आली तोवर बेसबॉलचा मोसम सरत आला होता आणि मुलांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. माल पडून राहिला. बर्गरने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्याने तो जत्रांतून पेनीला एक, मग पेनीला दहा अशा भावाने खपवण्याचा प्रयत्न केला. तरीही गोदामातली जागा मोकळी होईना. अखेर १९६० मध्ये ती खोकी कचऱ्याच्या गाड्यांत भरली, तराफ्यावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन अटलांटिक महासागरात लोटून दिली. मिकी मँटलचे ३११ क्रमांकाचे कार्ड याच खेपेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे मँटलचे पहिले कार्ड नव्हे; ते १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढले होते. आणि त्या खेपेतले सर्वांत विरळ कार्डही हे नव्हे, कारण छपाईच्या तावावर मँटलचे चित्र दोनदा घेतले होते. म्हणजे त्याच खेपेतल्या बहुतेक खेळाडूंपेक्षा मँटलची कार्डे अधिक छापली गेली. तरीही किंमत मँटलचीच. न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा हा देखणा वीर ज्यांनी बालपणी पाहिला, ती पिढी पुढे मिळवती झाली. आईने घर आवरताना फेकून दिलेला कार्डांचा डबा तिला परत हवा होता. या पिढीच्या तोंडी आईविषयीची ही तक्रार इतकी सर्रास असते की ती या छंदाची दंतकथाच होऊन बसली आहे.

उलट ज्या कार्डांना कोणी फेकलेच नाही, त्यांचे काय झाले? १९८१ पासून टॉप्सला फ्लीअर आणि डॉनरस हे प्रतिस्पर्धी आले, १९८९ मध्ये अपर डेक आली. जुन्या कार्डांच्या भावांच्या बातम्या वाचून लोक नवी कार्डे खोक्याखोक्यांनी घेऊ लागले. मुलांच्या पुढच्या शिक्षणाची ही तरतूद आहे असे समजून कित्येकांनी ती न उघडता माळ्यावर ठेवली. कंपन्यांनीही मागणी पाहून मनसोक्त छापले. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे अंतिम सामन्यांची मालिकाच रद्द झाली आणि आधीच डळमळलेला बाजार आणखी खचला. त्या काळातली बहुतेक कार्डे अजूनही जवळजवळ फुकट मिळतात. प्रत्येकाने जपली, म्हणून कोणालाच ती दुर्मिळ राहिली नाहीत.

पैसा शिरला की लबाडी शिरते, आणि येथे संग्राहकाच्या विद्येची कसोटी लागते. नकली टी-२०६ ओळखण्याच्या काही खुणा सांगण्याजोग्या आहेत. मूळ कार्डे शिळाछापाची आहेत. भिंगाखाली पाहिले तर रंगाचे ठिपके ओबडधोबड, अनियमित दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत हेच ठिपके जाळीप्रमाणे सारख्या अंतरावर, फुलाच्या आकारात बसलेले असतात. खालचे नाव मुळात तपकिरी शाईत छापलेले असते. ते काळ्याभोर शाईत असेल तर सावध व्हावे. आणखी एक परीक्षा अंधाऱ्या खोलीतली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात काही रसायने मिसळू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. १९१० सालचे म्हणून दाखवलेले कार्ड जर चमकू लागले, तर बोलणे तेथेच संपवावे.

कार्ड अस्सल असूनही फसवणूक होऊ शकते. झिजलेल्या कडा कापून कोपरे टोकदार केले की कार्ड नव्यासारखे दिसते. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की याने भागीदारीत वॅग्नरचे एक कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरांना घेतले. सुस्थितीतल्या वॅग्नर कार्डांत ते अव्वल समजले गेले. पीएसए या परीक्षक संस्थेने दहापैकी आठ गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केले आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरांना विकले गेले. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने न्यायालयात दुसऱ्या फसवणुकीचा गुन्हा कबूल करताना, याच कार्डाच्या कडा आपण पूर्वी कापल्या होत्या, हेही मान्य केले. डबीत बंद केलेले कार्ड पुन्हा हाताळता येत नाही, आणि परीक्षकाचा आकडा हीच वस्तू होऊन बसते. ही पद्धत व्यापाराला सोयीची असेल. पाहण्याची सवय मात्र ती मारते, असे मला वाटते.

स्वाक्षऱ्यांच्या बाबतीत हा पेच अधिक बिकट आहे, कारण तेथे नकलेला छापखाना लागत नाही, एक पेन पुरते. बेसबॉलच्या चेंडूवर शिवणींमधली जी सर्वांत अरुंद जागा असते, ती स्वाक्षरीसाठी मानाची समजतात. बेब रूथने आयुष्यभर इतक्या सह्या केल्या की त्याची सही मुळीच दुर्मिळ नाही, तरीही ती सर्वाधिक नकलल्या जाणाऱ्यांपैकी आहे. परीक्षक अक्षराचे वळण तर पाहतोच. पण माझ्या मते अधिक भक्कम पुरावा शाई आणि चेंडू यांचा. बॉलपेन अमेरिकेच्या दुकानांत १९४५ च्या अखेरीस आले. लू गेहरिग १९४१ मध्ये वारला. तेव्हा बॉलपेनने केलेली गेहरिगची सही कितीही हुबेहूब असो, ती त्याची नव्हे. रूथ १९४८ मध्ये गेला, आणि शार्पी हे जाड टोकाचे मार्कर पेन १९६४ चे. तसेच चेंडूवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. विल हॅरिज हा अमेरिकन लीगचा अध्यक्ष १९३१ ते १९५९ पर्यंत होता, त्यानंतर जो क्रोनिन आला. क्रोनिनचे नाव छापलेल्या चेंडूवर रूथची सही आढळली, तर मेलेल्या माणसाने ती केली असे म्हणावे लागेल. इतिहासाचा अभ्यासक बखरीचा काळ ठरवताना कागद, लिपी आणि उल्लेख पाहतो. रीत तीच आहे.

एवढी साधी पडताळणीही खरेदीदार करत नाहीत, हे अमेरिकेच्या तपास खात्याने १९९० नंतरच्या दशकात केलेल्या मोहिमेत दिसून आले. 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने ती ओळखली जाते. कॅलिफोर्नियात एक टोळी घाऊक प्रमाणावर खेळाडूंच्या सह्या करत होती. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही निघाले! कोलकात्याच्या त्या माउलीने बेसबॉलवर सही कशासाठी करावी, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडणार नाही, अशी त्या टोळीची खात्री असली पाहिजे. यानंतर २००१ पासून बेसबॉलच्या मुख्य लीगने, सही होताना स्वतः हजर असलेल्या साक्षीदाराने वस्तूवर क्रमांकाची चकती लावण्याची पद्धत सुरू केली. नव्या सह्यांपुरता हा उपाय ठीक आहे. रूथ आणि गेहरिग यांच्यासाठी आता साक्षीदार कोठून आणणार?

हे सारे ज्याच्यामुळे शक्य झाले त्या माणसाविषयी आतापर्यंत लिहिले नाही. 'टी-२०६' हे नाव कंपनीने दिलेले नाही. ते सिराक्यूज येथल्या एका कारखान्यात विजेच्या सामानाचे भाग जुळवणाऱ्या जेफरसन बर्डिक या कामगाराने दिले. त्याने १९३९ मध्ये अमेरिकेतल्या चित्रकार्डांची पहिली पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'एन', विसाव्या शतकातल्यांना 'टी', मिठाईच्या जुन्या कार्डांना 'ई', आणि मग क्रमांक. आजचे लक्षाधीश संग्राहकही त्याच खुणांनी बोलतात. बर्डिक अविवाहित होता, बेसबॉलचा फारसा शौकीन नव्हता, आणि संधिवाताने त्याची बोटे वर्षानुवर्षे आखडत चालली होती. कार्डांवर रोजच्या जीवनाचा जो इतिहास छापला गेला आहे तो कोठेतरी एकत्र राहावा, एवढीच त्याची धडपड. आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देऊ केला. त्यांत बेसबॉलची तीस हजारांवर कार्डे होती. संग्रहालयाने तो स्वीकारला, पण लावण्याचे काम त्यानेच करायचे होते. ते त्याने पंधरा वर्षे केले. अखेरची काही वर्षे तर त्यासाठी न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवून. आखडलेल्या बोटांनी तो एकेक कार्ड आल्बमच्या पानावर चिकटवत राहिला. आजचा संग्राहक हे वाचून कपाळाला हात लावील, कारण चिकटवलेल्या कार्डाची किंमत उतरते. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचे कार्ड लागले. तो कोट चढवून निघाला, दुसऱ्या दिवशी इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये वारला. त्या आल्बमांत होनस वॅग्नरचे कार्डही आहे, आपल्या क्रमाच्या जागी, इतरांच्या रांगेत.