छोटी बाटली

अगं, काल फोनवर तू 'काही नाही गं, ठीक आहे' म्हणालीस ना, तेव्हाच ओळखलं मी. आईशी वाजलंय. घरभाडं तू भरतेस, गॅसचा नंबर तू लावतेस, आणि तरी रात्री नऊला 'पोचलीस का? कोणाबरोबर होतीस?' ही उलटतपासणी. चीड येणारच. येऊ दे.

पण खरं सांगू का, माझ्या आईपुढे तुझी आई म्हणजे लोणी! केसांना तेल न लावता निघाले तर दारातून परत. बाविसाव्या वर्षी मी तिला न सांगता केस खांद्यापर्यंत कापून आले. त्यावरून पेटलं, आणि मी बोलून गेले, 'तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही.' ते वाक्य आजही टोचतं मला. मी माझ्या खोलीवर परतले आणि पंधरा दिवस तिचा फोन उचलला नाही.

'तू माझ्या वयाची असताना काय करत होतीस?' हे मी तिला फार उशिरा विचारलं. आजीचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. मुलींच्या लग्नाचं वय कायद्यानं १५ चं १८ झालं तेच १९७८ साली, बघ. आईच्या वर्गातल्या एका मुलीची शाळा एका चिठ्ठीवरून बंद झाली होती. माझ्या प्रत्येक उशिरात आईला ती मुलगी दिसायची. मला कुठे माहीत होतं?

कडक आयांवरून आठवलं, शकुंतलाबाई परांजपे ठाऊक आहेत ना? संततिनियमनाचं नाव काढणं लाजिरवाणं होतं, तेव्हा त्यांनी ते काम केलं, मुलगीही एकटीनं वाढवली. शिस्त कडक, लहानग्या सईला त्या लिहायला बसवायच्या. सई परांजपेंचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक आठव्या वर्षी छापून आलं. पुढे 'स्पर्श', 'कथा' हे सिनेमे सईंनीच केले. म्हणून आईचं सगळंच बरोबर, असं नाही हं. हात उगारणं, चारचौघांत घालूनपाडून बोलणं याला शिस्त म्हणायचं नाही. तिथे गप्प बसू नकोस.

बाकी रोजच्यासाठी ऐक. तिच्या आधी तूच फोन कर, 'पोचले, आमटीभात खाल्ला.' अर्धी उलटतपासणी तिथेच संपते. मोठा विषय दमून आल्यावर काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. नोकरी बदलायची असो की तो मुलगा आवडतो हे सांगायचं असो, घरी जा, ती मेथी निवडत असेल तेव्हा शेजारी बस, तूही चार काड्या घे आणि सांग. हातात काम असलं की आयांचं मन सैल असतं. एका वेळी एकच गोष्ट. नाही म्हणायचंय तिथे एकदाच, आवाज न चढवता म्हण. कारणं देत बसू नकोस. प्रत्येक कारणाला तिच्याकडे उत्तर तयार असतं. जमेल तुला. ऑफिसात त्या कटकट्या साहेबांना सांभाळतेसच की.

आणि हो, माझ्या भांडणाचं राहिलंच. सोळाव्या दिवशी आई न कळवता एसटीनं आली. पिशवीत भाजणी, मेतकूट आणि तळाशी कागदात गुंडाळलेलं जास्वंदीचं तेल. 'छोटीच बाटली आणलीय, आता एवढंच पुरेल,' म्हणाली आणि माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.