प्रिंटर गिचमिड का काढतो?

असे समजा की विज्ञान प्रदर्शन उद्यावर आले आहे. तक्त्यावर चिकटवायचा मजकूर संगणकात तयार आहे. संगणकावर लिनक्स प्रणाली आहे आणि नव्याने जोडलेला प्रिंटर भलत्याच खुणांनी भरलेले कागद एकामागून एक बाहेर टाकतो आहे! अशा वेळी छपाई थांबवावी आणि त्यातला एक कागद नीट वाचावा. तो टोपलीत टाकण्याची घाई करू नका. बिघाड कोठे आहे हे पुष्कळदा तोच सांगतो.

कसे ते समजण्यासाठी एक हिशेब करू. इंचाला ६०० ठिपके धरले तर ए-४ कागदाच्या रुंदीत सुमारे ४९६० आणि उंचीत सुमारे ७०१५ ठिपके मावतात. गुणाकार करून पाहा. जवळजवळ ३ कोटी ४८ लाख! यांपैकी कोणते काळे आणि कोणते कोरे, हे कोणीतरी ठरवावे लागते. काही प्रिंटरांच्या पोटात हे ठरवणारा छोटा संगणकच असतो. त्याला 'येथे रेघ ओढ, तेथे अमुक अक्षर काढ' एवढ्या आज्ञा पुरतात. पोस्टस्क्रिप्ट ही अशाच आज्ञांची एक भाषा होय. स्वस्त प्रिंटरांत बहुधा ही सोय नसते. त्यांना ठिपके आयते, आणि तेही उत्पादकाने ठरवलेल्या सांकेतिक रूपात द्यावे लागतात. आपल्या मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सवर ही सारी देखरेख 'कप्स' करते. मायकेल स्वीट यांनी ती १९९९ मध्ये सर्वांना उपलब्ध करून दिली. कामे रांगेत लावणे, रूपांतर करवून घेणे आणि ते प्रिंटरकडे धाडणे ही तिची कामे.

आता तो कागद पाहा. आरंभी टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि रोमन लिपीत 'पीएस' ही अक्षरे दिसली, तर प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही. आज्ञा पाळण्याऐवजी त्याने त्या जशाच्या तशा छापल्या. दर पानावर चार-दोन विचित्र खुणाच असतील, तर बहुधा भलत्याच भाषेतील माहिती त्याने अक्षरे समजून वाचली. दोन्ही वेळी केबल निर्दोष आहे, कारण माहिती पोचली! दोष ड्रायव्हरच्या निवडीत आहे. प्रिंटरच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक अक्षर न अक्षर ताडून पाहावा.

कागद बाहेरच येत नसेल तर तपास केबलपासून सुरू करावा. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, 'एल-एस-यू-एस-बी' असे टंकून पाहा. यादीत प्रिंटर नसेल तर ड्रायव्हरला हात लावण्यात अर्थ नाही. आधी केबल व वीज पाहा. यादीत असेल तर ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', अपूर्णविराम आणि ६३१ असा पत्ता रोमन लिपीत व अंकांत द्या. कप्सचे पान उघडते. तेथे रांग थांबलेली दिसली, तर दोष दूर केल्यावर ती पुन्हा सुरू करावी लागते. मात्र त्याआधी अडकलेली जुनी कामे रद्द करा, नाहीतर वैतागून दहा वेळा दिलेला एकच मजकूर दहा वेळा छापून येईल!

'फिल्टर फेल्ड' असा संदेश असेल तर रूपांतर मधेच अडले आहे. रूपांतर करणारा प्रोग्राम संगणकावर नसेल, किंवा असूनही चालत नसेल. इंटेलच्या प्रोसेसरसाठी तयार केलेला ड्रायव्हर रास्पबेरी पायवर सहसा चालत नाही, कारण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो.

आणखी एक गंमत. अलीकडचे अनेक प्रिंटर 'मला अमुक आकाराचा कागद चालतो, अमुक भाषा कळते' हे संगणकाला स्वतःच सांगतात. अशांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. म्हणून कोठलाही ड्रायव्हर शोधण्यापूर्वी प्रिंटर जोडून मिनिटभर वाट पाहावी. नाव आपोआप यादीत आले तर त्याच नावावर चाचणीचे एक पान काढून पाहा.