नायट्याचं कल्चर

प्रश्न : जांघेतला नायटा वर्ष झालं तरी हटत नाही. गोळ्या झाल्या, मलमं झाली. लघवीत जंतू झाले की कोणतं औषध लागू पडेल ते लॅबवाले दोन-तीन दिवसांत सांगतात. नायट्याचं का सांगत नाहीत?

उत्तर : सांगता येतं, पण सगळ्या लॅबमध्ये ही सोय नसते आणि वेळही फार जातो. खरवडलेल्या त्वचेच्या कोंड्यातून बुरशी वाढवायलाच दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय जीवाणू सुटे असतात, मोजून घेता येतात. बुरशीचं असतं जाळं. ते मोजणार कसं? म्हणून तिचे बीजाणू घ्यायचे. नायट्याची बुरशी तेही देताना हात आखडते. काही जातींना त्यासाठी ओट्सच्या पिठाचं माध्यम खाऊ घालावं लागतं!

मग ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली. एका टोकाला औषध सर्वांत जास्त, पुढच्या प्रत्येक खळग्यात आधीच्या निम्मं. सगळ्यांत सारखेच बीजाणू. ३५ अंशांवर चार-पाच दिवस ठेवून ताटलीखाली आरसा धरायचा आणि तळाशी पांढुरका पुंजका कुठून दिसू लागतो ते पाहायचं. वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा म्हणजे ‘एमआयसी’. वाचणाऱ्याची नजर इथे मुरलेली हवी. एखादा खळगा इकडेतिकडे होतोच.

आपल्याकडे हल्ली टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या जास्त मात्रेतही बुरशी आरामात वाढताना दिसते. ही बहुधा ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० साली हे नाव दिलं. टर्बिनाफिन तिच्या ज्या विकराला अडवतं, त्याच्याच जनुकात बदल झाल्याने औषधाची पकड सुटते. इट्राकोनॅझोलचं लक्ष्य वेगळं विकर, म्हणून ते बऱ्याचदा अजून चालतं.

तरी एमआयसीचा आकडा ताटलीतला. तिथे ना घाम, ना ‘लगेच खाज थांबते’ म्हणून दुकानातून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम. माझ्या मते वर्षभर टिकलेल्या नायट्यामागे अशी ट्यूब असण्याची शंका आधी घ्यावी. तुमच्याकडे असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. आणि खरवड द्यायच्या किती दिवस आधी बुरशीची मलमं थांबवायची, तेही विचारून घ्या. नाहीतर लॅबमध्ये काही उगवणारच नाही आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येईल.