पूजा, पाठ आणि नाम : औंढ्याचा बोध

चार पुरुषार्थांत मोक्ष हा अखेरचा व श्रेष्ठ मानला आहे. तो पूजेने व मंत्रपाठाने मिळतो काय, हा प्रश्न जुना आहे. त्याचा विचार करण्यास हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ व नर्सी ही दोन स्थाने पुरेशी आहेत.

औंढ्याचे नागनाथ मंदिर यादवकालीन असून बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असल्याने भक्ताला खाली उतरावे लागते. शिवपूजेतील प्रमुख विधी म्हणजे रुद्राभिषेक. पिंडीवर जलधारा धरून रुद्राचा पाठ करतात. नमक व चमक असे त्याचे दोन भाग असून प्रत्येकात ११ अनुवाक आहेत. रुद्राची ११ आवर्तने म्हणजे एकादशिनी, १२१ म्हणजे लघुरुद्र आणि १,३३१ म्हणजे महारुद्र. स्वर व श्वास सांभाळून केलेल्या पाठाने चित्त स्थिर होते, हे या विधीचे खरे फळ होय. परंतु आवर्तनांचा आकडा हेच साध्य ठरले, तर साधन तेवढे उरते.

कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान, अशी परंपरा आहे. औंढ्यास विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. नामदेवांनी ते पाय उचलून जेथे जेथे ठेवले, तेथे तेथे पिंडी प्रकटली, अशी कथा आहे. दुसऱ्या कथेत पुजाऱ्यांनी कीर्तनास मज्जाव केल्यावर नामदेव देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. कथांतील चमत्कार बाजूस ठेवला, तरी त्यांतला प्रश्न उरतोच : देवाजवळ जाण्याचा अधिकार कोणाचा? वेदपाठाचा अधिकार शूद्रांना व स्त्रियांना नाकारला गेला होता. नामाला मात्र अशी अट नव्हती. म्हणून शिंपी कुळातील नामदेव आणि त्यांच्या घरची दासी जनाबाई दोघेही संतपदास पोहोचली. पुढे नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली.

विसोबांनी पिंडी नाकारली नाही. तिच्यातील देव सर्वत्र दाखविला. नामदेवांनीही विठ्ठलाची मूर्ती सोडली नाही. वारकरी संतांनी तर मुक्तीपेक्षा भक्तीच मागितली. तेव्हा पूजा व पाठ हे मोक्षाचे मार्ग खरेच. पण ज्या पाठाने अहंकार गळत नाही आणि दाराबाहेरचा माणूस आत येत नाही, तो मोक्षाप्रत नेईल असे म्हणता येत नाही.