काठा आणि पेला

सेक्टर ५, भिलाई

चि. छोटी,

तुझ्या नेमणुकीचा फोन आला त्या रात्री काकांनी डायबिटीस विसरून तीन पेढे खाल्ले. आता १६ जूनला शाळा उघडेल. पाटणकडचं गाव, पहिली-दुसरी एकाच खोलीत, घरी छत्तीसगढी बोलणारी मुलं आणि तुझ्या डोक्यात अजून टीईटीची गाइडं. फोनवर तू म्हणालीस, "मावशी, माझी सगळी मुलं पूर्व-संक्रियात्मक अवस्थेतली असणार गं." मी गप्प बसले. फोनवर वाद घालण्यापेक्षा पत्र बरं.

पियाजेच्या अवस्थांचा तो तक्ता पाठ केलास ते बरंच केलंस. दीडशेपैकी तीस गुण बालविकासाला, त्यात पियाजे हमखास. दोन वर्षांपर्यंत संवेदी-पेशीय, सातपर्यंत पूर्व-संक्रियात्मक, अकरापर्यंत मूर्त, पुढे औपचारिक. पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं तरी तेवढंच राहतं, हे कळण्याला आपल्या हिंदी गाइडात 'संरक्षण' म्हणतात. मला दर वेळी दिल्लीचे संरक्षणमंत्रीच आठवायचे.

पण त्या तक्त्यातून एक गोष्ट गळून पडली आहे. १९२०च्या सुमारास पियाजे पॅरिसला बुद्धिमापनाच्या चाचण्या तपासत होता. काम साधं होतं, बरोबर उत्तरं मोजायची. हा रमला चुकीच्या उत्तरांत. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात, हे त्याला कळेना. मग तो मुलांशी बोलत बसला आणि त्या बोलण्यातून पुढे अवस्था निघाल्या. वयाचे आकडे मागेपुढे होतात, क्रम बदलत नाही, असं त्याचं म्हणणं. गाइडात मात्र आकडे ठळक छापलेत आणि तो कान देऊन ऐकणारा माणूस नाहीसा झालाय.

माझ्याकडूनही तो नाहीसा झाला होता. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. टाऊनशिपच्या कडेला लागून असलेली शाळा, माझ्याकडे दुसरीचा वर्ग. उत्साह फार. दोन सारखे पेले, एक उंच बारीक पेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावलं. एक सात वर्षांची मुलगी, दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी, डाव्या हाताचा अंगठा तोंडात. सारख्या पेल्यांत पाणी सारखं, हे तिनं मान डोलावून सांगितलं. मी एकातलं उंच पेल्यात ओतलं. जास्त कुठे? उंच पेल्यावर बोट. मी पुन्हा विचारलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बोट दुसऱ्या पेल्यावर नेलं. तिसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा उंच पेल्यावर. मी वहीत तिच्या नावापुढे लाल फुली मारली, तिला मागच्या ओळीत बसवलं आणि बाकीची मुलं हातच्याच्या बेरजा करत असताना तिला चिंचोके मोजायला दिले. मला वाटत होतं, मी फार शास्त्रशुद्ध वागतेय.

दिवाळीनंतर धानाची कापणी झाली आणि ती शाळेत येईना, म्हणून मी तिच्या घरी गेले. अंगणात तिची आजी काठ्यानं धान मोजत होती. काठा तू पाहिला असशील, आपल्या पायलीचा इकडचा भाऊ. वीस काठ्यांची एक खांडी. आजी काठा भरून टुकन्यात, म्हणजे टोपलीत, पालथा करायची आणि पोरगी मोजायची. पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'राम' म्हणायचं. आपल्याकडे 'लाभ' म्हणतात तसं. राम, दू, तीन. मी सहज विचारलं, काठ्यात जास्त होतं की टुकन्यात? टुकना पसरट, त्यात धान थोडंसंच दिसत होतं. तिनं अंगठा तोंडातून काढला, एखाद्या खुळ्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओतकेच हे, बहनजी." तेवढंच आहे.

मुलगी तीच, सहामाहीही तीच.

यावरून पियाजे खोटा ठरवू नकोस. समज एकदम सगळीकडे येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मातीच्या गोळ्याची लांब वळी केली तरी माती तेवढीच, हे सात-आठला कळतं. वजन तेवढंच, हे नऊ-दहाला, आणि पाण्यात ती जागाही तेवढीच घेते, हे आणखी पुढे. त्यात हाताला सवय असली की काय होतं बघ. १९६९मध्ये मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवरचा अभ्यास छापून आला. मातीच्या बाबतीत ती मुलं इतर घरांतल्या मुलांपेक्षा पुढे निघाली. माझ्या धान मोजणाऱ्या कुंभारणीचं अंगण मी आधी बघायला हवं होतं, एवढंच.

आणि तो पुन्हा विचारलेला प्रश्न. बाई तोच प्रश्न परत विचारतात तेव्हा पहिलं उत्तर चुकलेलं असतं, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. मार्गारेट डोनाल्डसन या स्कॉटलंडच्या बाईंनी १९७८च्या 'चिल्ड्रन्स माइंड्स' या पुस्तकात हेच दाखवलंय. मोठ्या माणसानं मुद्दाम सोंगट्या पसरल्या की मुलं म्हणतात, वाढल्या. तोच पसारा एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीनं केला की बरीच मुलं म्हणतात, तेवढ्याच. परीक्षा मी मुलीच्या बुद्धीची घेत होते, ती मात्र माझं मन ओळखत होती. एरिक्सन शाळेच्या वयाबद्दल सांगतो की या वर्षांत मूल एक तर 'मला जमतं' हे शिकतं, नाही तर 'मी कमी' हे. दुसरं शिकवायची सोय मी मागच्या ओळीत करून ठेवली होती.

काका म्हणतात, तुम्ही रशियनांचं का घेत नाही? काकांचं अर्धं आयुष्य इथल्या प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये गेलं, त्यांना सगळं चांगलं रशियाहूनच आलेलं वाटतं. पण या बाबतीत ते अगदीच चुकीचे नाहीत. त्या रशियनांतला वायगोत्स्की पियाजेच्याच वर्षी, १८९६ला जन्मला आणि १९३४मध्ये क्षयानं गेला. पुढे त्याच्या देशानं त्याचं लिखाण वीसएक वर्षं दाबून ठेवलं. भिलाईच्या प्लांटचा रशियाशी करार झाला १९५५ला आणि त्याचं पुस्तक तिकडे पुन्हा छापलं गेलं १९५६ला. इंजिनियरांच्या सामानात एखादी प्रत आली असती तर मला फार कामाला आली असती. मूल एकट्यानं काय करतं ते सोड, थोडा हात दिला तर काय करतं ते बघ, असं तो सांगतो. टुकन्याशी आजी होती. माझ्या व्हरांड्यात कोणी नव्हतं.

आपल्या गावाला अवस्था पटकन पटतात, कारण सगळ्यांनी प्लांट पाहिलाय. दल्ली-राजहराची माती ब्लास्ट फर्नेसला, तिथून मेल्टिंग शॉपला, तिथून रेल मिलला. एका शॉपमधून निघालेला माल मागे जात नाही. मूल मात्र सकाळी मोठं असतं आणि दुपारी भूक लागली की पुन्हा चार वर्षांचं. पण मुलालाही माल समजलं की मग प्रॉडक्शन वाढवायची घाई सुरू होते. सिव्हिक सेंटरला फेरी मारलीस तर सहावीपासूनच्या 'फाउंडेशन बॅच'च्या पाट्या दिसतील. अवस्था लवकर कशा गाठायच्या, हे पियाजेला लोक विचारायचे. तो त्याला 'अमेरिकन प्रश्न' म्हणायचा. भिलाईत आला असता तर नाव बदललं असतं.

ताराबाई मोडकांचं वाचशील का? माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत वयाचे टप्पे आहेत, साधनं महागडी आहेत. ताराबाईंनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला, आणि १९५७पासून कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांत. टप्पे ठेवले, साधनं बदलली: शंख, खडे, बिया, पानं. आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' शब्द तिथला. हे डोकं तक्त्यातून येत नाही, आणि तक्ता ठाऊक नसता तरी आलं नसतं.

तुला आता एक सोय आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत. तुझी खोली त्यात अख्खी बसते. दुसरीतलं पोर पहिलीच्या घोळक्यात जाऊन बसलं तर उठवू नकोस. वहीत फुल्या मारायच्या असतील तर शेजारी मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत, छत्तीसगढीत लिही. महिनाभरानं तीच वही माझ्याकडे घेऊन ये, आपण वाचू.

आणि शनिवारी येशील तेव्हा काठा घेऊन जा. त्या आजीनं मला नंतर एक दिला होता, माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. धान घरून ने. शाळेतल्या तांदळाला हात लावू नकोस, मध्यान्ह भोजनाचा हिशेब द्यावा लागतो.

तुझी,
मोठी मावशी