न्यूमोनियाची लस: आकडा लिहून ठेव

अगं, निफाडात दिलेली तू, तुला थंडीचं मी काय सांगावं! पारा चार-पाचावर उतरला की बागेत शेकोट्या पेटतात आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून तुझे सासरे रात्रभर त्या धुरात उभे. शुगर आहे, बिडी सुटलेली नाही, पासष्टी उलटलेली. न्यूमोनियाला आणखी काय हवं? लस दिवाळीआधीच देऊन घ्या. अंगात ताप असला की डॉक्टर थांबायला सांगतात.

दवाखान्यात "न्यूमोनियाची लस द्या" एवढ्यानं भागत नाही, कोणती ते विचार. १३, २०, २३ हे आकडे म्हणजे न्यूमोकोकस जंतूच्या तितक्या प्रकारांवर ती लस चालते. मोठा आकडा म्हणजे भारी लस, असं मात्र नाही. २३ची जुन्या पद्धतीची. तिचा जोर काही वर्षांत ओसरतो. १३ची घेतली तर सहसा वर्षानं २३ची घ्यावी लागते; २०ची घेतली तर एकीवर काम होतं. फाइलीत आकडा आणि तारीख लिहून ठेव. पुढचा डॉक्टर नेमकं तेच विचारतो आणि घरात कुणालाच आठवत नसतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईआधी सांग. नंतर दंड दुखेल, कणकण येईल, दोन दिवसांत जाईल. लसीनंच न्यूमोनिया होतो म्हणणारे भेटतील. तिच्यात जिवंत जंतूच नसतो.

खर्च हजारांत जातो, खरंय. तान्ह्यांना मात्र सरकारी दवाखान्यात ही लस फुकट: दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. बाळाचे डोस चुकवू नकोस. हा जंतू लहानग्यांच्या नाका-घशात मुक्काम करतो आणि तिथून आजोबांकडे जातो.

लस घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८४ हजार लोकांवर १३च्या लसीची चाचणी झाली. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया ४५ टक्क्यांनी कमी झाला. थोडं नाही ते, पण सगळंही नाही. फ्लूची लस वेगळी, ती दरवर्षी.

आणि म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. जेवण टाकलं, बोलण्यात घोळ व्हायला लागला, धाप लागली, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४च्या खाली गेला, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढा आणि दवाखाना गाठा.